कोरियन कारागीर निनांवी होता काय ?

१. प्रास्ताविक

कोरियाच्या कलेविषयीं बाहेरच्या जगांत जी समजूत रूढ आहे, तिचें मूळ शोधूं गेल्यास तें पुष्कळ अंशीं एकाच जपानी लेखकाच्या लेखनांत सांपडतें. यानागी मुनेयोशि (१८८९–१९६१) हे ते लेखक होत. कोरिया १९१० सालीं जपाननें खालसा केला. त्यानंतर सहा वर्षांनीं, म्हणजे १९१६ सालीं, यानागी प्रथम तेथें गेले. १९१९ च्या मार्च महिन्यांत कोरियन लोकांनीं स्वातंत्र्यासाठीं उठाव केला आणि जपानी सत्तेनें तो चिरडून टाकला, तेव्हां त्यांनीं कोरियन लोकांविषयीं सहानुभूति व्यक्त करणारा लेख जपानी वृत्तपत्रांतच लिहिला. पुढें १९२२ सालीं 'कोरिया व तिची कला' अशा अर्थाच्या नांवाचें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याला आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. त्यांतील प्रमेयांवर कोरियांत कडाक्याचे वाद झाले. तरीहि कोरियन कलेचा आत्मा कारुण्यांत आहे, आणि ती कला नांवगांव नसलेल्या कारागिरांच्या हातून नकळत घडली, या दोन कल्पना त्या विषयावरील लेखनांत अद्याप वारंवार भेटतात.

जुने कागद जमविणाऱ्या आणि वाचणाऱ्या मंडळींनीं या वादाकडे लक्ष द्यावें, याला एक विशेष कारण आहे. वादाचा विषय वरवर पाहतां सौंदर्याचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं प्रश्न आहे तो पुराव्याचा. एखाद्या वस्तूवर कर्त्याचें नांव नाहीं, तेवढ्यावरून तिचा कर्ता निनांवी होता असें म्हणतां येईल काय ? आणि वस्तु पाहून आपल्या मनांत जें आलें, तेंच ती घडविणाऱ्याच्या मनांत होतें असें धरून चालतां येईल काय ? कोरियापुरतीं या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें देणारीं अस्सल साधनें भरपूर उपलब्ध आहेत. त्यांच्या आधारें यानागी यांचीं प्रमेयें तपासून पाहावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. पूर्वपक्ष

प्रथम यानागी यांचें म्हणणें त्याच्या पुऱ्या बळानिशीं मांडलें पाहिजे. पूर्वेकडील तीन देशांच्या कलांची तुलना करून त्यांनीं असें ठरविलें कीं, चीनच्या कलेंत आकार, जपानच्या कलेंत रंग आणि कोरियाच्या कलेंत रेषा प्रधान आहे. आकार बळाचा द्योतक, रंग आनंदाचा, आणि हलकेच वांकत जाणारी लांब रेषा एकाकीपणाची व दुःखाची. कोरियाला वारंवार परचक्रें सोसावीं लागलीं, म्हणून त्या राष्ट्राच्या अंतःकरणांत दुःख सांठत गेलें आणि तेंच भांड्यांच्या रेषांत उतरलें. लोकांचा पांढरा वेषहि शोकाचाच वेष होय, असें त्यांचें प्रतिपादन आहे.

दुसरें प्रमेय थोडें मागाहून आकारास आलें. १९२५ च्या अखेरीस यानागी यांनीं आपल्या मित्रांसह सामान्य जनांच्या नित्य वापरांतील वस्तूंसाठीं 'मिंगेइ' हा नवा शब्द बनविला. कारागीर निनांवी असावा, त्याच्या मनांत सौंदर्याचा विचार नसावा, सवयीनें हात चालावा, आणि अशा वेळींच खरी सुंदर वस्तु निर्माण व्हावी, हें त्या मताचें सार. याचें त्यांनीं दिलेलें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे क्योतो येथील दाइतोकुजि मठाच्या कोहो-आन या शाखेंत असलेला 'किझाएमोन' नांवाचा चहाचा प्याला. हा प्याला कोरियांत घडलेला असून जपाननें त्याला राष्ट्रीय ठेव्याचा मान दिलेला आहे. १९३१ सालीं यानागी यांस तो प्रत्यक्ष पाहण्याची संधि मिळाली. त्यावर लिहिलेल्या लेखांत, हें तर कोरियांतील गरिबाच्या जेवणाचें साधें भांडें, आणि म्हणूनच तें थोर, असा त्यांनीं निर्णय दिला. किझाएमोन हें नांव ओसाकाच्या ताकेदा किझाएमोन या व्यापाऱ्याचें. तो या प्याल्याचा एके काळचा मालक. म्हणजे घडविणाऱ्याचें नांव लोपलें आणि बाळगणाऱ्याचें मात्र प्याल्याला कायमचें चिकटलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

प्रतिवाद करण्यापूर्वीं या गृहस्थाचें ऋणहि मान्य केलें पाहिजे. सोल शहरांतील ग्योंगबोक राजवाड्याचें ग्वांगह्वामुन हें महाद्वार पाडून टाकण्याचा घाट जपानी कारभाऱ्यांनीं घातला, तेव्हां १९२२ सालीं यानागी यांनीं त्याविरुद्ध जाहीरपणें लेखणी उचलली. पुढें तें द्वार अजीबात नष्ट न करतां दुसऱ्या जागीं हलविण्यांत आलें. १९२४ सालीं आसाकावा नोरिताका व आसाकावा ताकुमि या बंधूंच्या साहाय्यानें त्यांनीं त्याच राजवाड्याच्या एका दालनांत कोरियन लोककलेचें संग्रहालय उघडलें. त्या काळीं संग्राहकांची धांव गोर्यो काळांतील (९१८–१३९२) हिरव्या झिलईच्या भांड्यांकडे होती. जोसोन काळच्या (१३९२–१९१०) पांढऱ्या भांड्यांना फारसें कोणी विचारीत नव्हतें. तीं भांडीं पाहण्यास यानागी यांनीं लोकांना शिकविलें. नजर त्यांची अव्वल दर्जाची होती यांत शंका नाहीं. शंका आहे ती त्या नजरेनें काढलेल्या अनुमानांविषयीं.

३. वस्तूंवरचे लेख

वस्तूंपासूनच आरंभ करूं. ग्योंगजू येथील संग्रहालयांत सिल्ला राजवटींतील एक प्रचंड कांस्यघंटा आहे. राजा सोंगदोक याच्या स्मरणार्थ ती ओतविण्यांत आली; तिचें वजन सुमारें १९ टन असून तिच्यावरील लेख इ. स. ७७१ चा आहे. त्या लेखांत राजाची स्तुति आहे, मजकूर रचणाराचें नांव आहे, आणि शेवटीं घंटा ओतणाऱ्या ओतारी मंडळींचीं नांवें त्यांच्या पदव्यांसह दिलेलीं आहेत. त्यांत पाक जोंग-इल हा मुख्य उस्ताद. इतक्या जुन्या काळीं राजाच्या नांवाबरोबर ओताऱ्याचें नांव धातूंत कोरलें गेलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

दुसरें उदाहरण सोलमधील इह्वा महिला विद्यापीठाच्या संग्रहालयांतील एका बरणीचें. दिसण्यांत ती अगदीं साधी. तिच्या बुडावर मात्र कोरीव लेख आहे. त्याचा आशय असा कीं, सुनह्वा शकाच्या चौथ्या वर्षीं, म्हणजे इ. स. ९९३ मध्यें, राजघराण्याच्या पूर्वजमंदिरांतील पहिल्या दालनासाठीं हें पूजापात्र छ्वे गिल-ह्वे या कारागिरानें घडविलें. वर्ष, स्थळ, प्रयोजन आणि कर्ता, चारहि गोष्टी एका ओळींत आल्या आहेत. जुन्या पोथीच्या पुष्पिकेकडून आपण याहून अधिक काय मागतों ?

पुष्पिकेचा विषय निघालाच आहे, तर तिसरें उदाहरण पुस्तकाचेंच घेऊं. धातूच्या सुट्या खिळ्यांनीं छापलेलें आणि आज उपलब्ध असलेलें जगांतील सर्वांत जुनें पुस्तक म्हणजे 'जिकजी' हा बौद्ध वचनसंग्रह. त्याचा दुसरा खंड पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. त्याच्या शेवटच्या पानावर १३७७ सालचा सातवा महिना, छोंगजू गांवाबाहेरील हुंगदोक विहार, आणि खिळे ओतून छापल्याची नोंद आहे. पुढें काम पार पाडणाऱ्या सोकछान व दालदाम या शिष्यांचीं नांवें असून खर्च सोसणारी भिक्षुणी म्योदोक हिचेंहि नांव आहे. या नोंदीमुळेंच मुद्रणाच्या इतिहासांत कोरियाचें स्थान निर्विवाद ठरलें. पुष्पिकेचें पान गळालें असतें, तर त्या पुस्तकाचें मोल निम्म्यावर आलें असतें.

बौद्ध विहारांतील पटचित्रांच्या खालच्या कडेस 'ह्वागी' नांवाची नोंद असते. तींत दाते, चितारी भिक्षु आणि कधीं कधीं काम चालू असतां भात शिजवून घालणाराहि नमूद केलेला असतो. या नोंदी एकमेकींशीं ताडून चितारी भिक्षूंच्या गुरुशिष्यपरंपरा आतां लावतां येतात.

आणखी एक लेख समुद्रानें राखून ठेवला. २००७ सालीं कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ताएआन येथें एका कोळ्याच्या जाळ्यांत आलेल्या आठपायी माशानें हिरव्या झिलईचा एक तुकडा घट्ट धरून ठेवलेला आढळला. तेथें शोध करतां गोर्यो काळचें एक बुडालेलें गलबत आणि २० हजारांहून अधिक भांडीं सांपडलीं. भांड्यांबरोबर लांकडाच्या लहान चिठ्ठ्या होत्या. त्यांवर माल कोठून निघाला व राजधानींत कोणाच्या घरीं जावयाचा हें शाईनें लिहिलेलें होतें. त्यांत 'तामजिन' हें गांगजिन या कुंभारकामाच्या प्रसिद्ध ठिकाणाचें जुनें नांव वाचतां आलें. ज्या भांड्यांकडे पाहून कवीला निळें आकाश आठवावें, तीं भांडीं निघालीं तेव्हां त्यांच्याबरोबर मालाची चिठ्ठी होती.

४. दफ्तराची साक्ष

वस्तूंवरचे लेख सुटे सुटे सांपडतात. म्हणून कोणी म्हणेल कीं ते अपवाद होत. त्या शंकेचें उत्तर दफ्तर देतें. जोसोन राजवटीचा 'ग्योंगगुक देजोन' हा कायदेग्रंथ १४८५ सालीं कायम झाला. त्यांत राजधानींतील सरकारी कचेऱ्यांकडे नेमलेल्या १२९ प्रकारच्या सुमारें २८०० कारागिरांची आणि प्रांतोप्रांतीं नेमलेल्या सुमारें ३५०० कारागिरांची वर्गवारी आहे. राजाच्या मुदपाकखान्याकडे एकट्या चिनी मातीच्या भांड्यांसाठीं ३८० कुंभार नेमलेले होते. त्याच्याहि आधीं, राजा सेजोंग याच्या कारकीर्दींत, १४२१ सालीं असा हुकूम निघाला कीं, सरकारांत भरावयाच्या भांड्यांच्या बुडाशीं घडविणाऱ्याचें नांव घालावें, म्हणजे काम वाईट निघाल्यास जाब विचारतां येईल. हा हुकूम कागदावरच राहिला नाहीं. मुदुंग डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या जुन्या भट्ट्यांच्या उत्खननांत 'बुनचोंग' जातीच्या भांड्यांचे जे तुकडे निघाले, त्यांवर कुंभारांचीं नांवें कोरलेलीं आढळलीं.

परंतु कारागिरांच्या नांवांची खरी खाण म्हणजे 'उइग्वे' हे ग्रंथ. राजघराण्यांतील विवाह, अंत्यविधि, राज्यारोहण, मेजवान्या, राजचित्राचें लेखन, वास्तूंचें बांधकाम इत्यादि प्रत्येक मोठें कार्य संपलें, कीं त्याची साद्यंत नोंद ग्रंथरूपानें करून ठेवण्याची त्या दरबाराची रीत होती. पुढच्या पिढीला तेंच कार्य करावयाचें झाल्यास अडचण पडूं नये आणि खर्चाची शिस्त राहावी, हा उद्देश. हुकुमांच्या नकला, कचेऱ्यांचा पत्रव्यवहार, सामानाच्या याद्या, खर्च, बक्षिसें, मिरवणुकीचीं रंगीत चित्रें आणि काम केलेल्या कारागिरांच्या नांवनिशीवार याद्या, हें सर्व त्यांत येतें. चितारी, लेखनिक, सुतार, सोनार, शिवणकाम करणाऱ्या बाया, पुस्तकबांधणी करणारे, असे सर्वजण आपापल्या धंद्याखालीं मांडलेले असतात. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती होत. राजाच्या नजरेसाठीं केलेल्या प्रतीचा कागद उंची, तिची बांधणी रेशमी वेष्टणाची व पितळी पट्ट्यांची. कचेऱ्यांकडे वांटावयाच्या प्रती साध्या. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला यांतला फरक निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं. सोलमधील ग्युजांगगाक ग्रंथालय आणि जांगसोगाक ग्रंथालय यांतील मिळून ३८९५ उइग्वे खंडांची २००७ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदींत गणना झाली.

एकच उदाहरण पुरे आहे. राजा जोंगजो यानें १७९४ ते १७९६ या काळांत सुवोन येथें ह्वासोंग हा कोट बांधविला. त्याचा उइग्वे १८०१ सालीं सुट्या खिळ्यांनीं छापून प्रसिद्ध झाला. त्यांत २२ धंद्यांच्या सुमारें १८०० कारागिरांचीं नांवें, त्यांचीं ठिकाणें आणि कोणी किती दिवस काम केलें याचा हिशेब आहे. दिवसाचा भागहि हिशेबांत धरलेला आहे. त्यांत 'थोरला गडी', 'धाकटा गडी' अशा अर्थाच्या नांवाचीं माणसें आहेत. म्हणजे ज्यांना घरीं धड नांवहि ठेवलेलें नव्हतें, तीं माणसें दफ्तरांत मात्र नांवानें उभीं आहेत. दगड उचलण्याच्या यंत्राचीं सुट्या भागांसह चित्रें, बुरुजांचीं आंतून व बाहेरून मापें, विटांचा आकार, सर्व कांहीं तेथें आहे. जपानी अंमलांत आणि पुढें १९५०–५३ च्या युद्धांत कोटाची मोठी पडझड झाली. १९७० च्या दशकांत तो पुन्हां उभारतांना हाच ग्रंथ समोर ठेवण्यांत आला, आणि १९९७ सालीं ह्वासोंगची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली. दगड ढांसळले तेव्हां कागद कामीं आला.

५. एका आक्षेपाचा विचार

यावर यानागी यांचा अनुयायी म्हणेल : ठीक आहे, यादींत नांवें असतील, परंतु पगारपत्रकांतील नांव म्हणजे कलावंताची स्वाक्षरी नव्हे. कुंभारानें आपलें नांव मिरवावें म्हणून तें घातलें नाहीं, सरकारनें धाक म्हणून घालविलें. आक्षेप विचार करण्यासारखा आहे. वरील साधनांत नांव येण्याचीं कारणें एकसारखीं नाहींत, हें खरें. घंटेवर व पटचित्रावर तें पुण्यासाठीं येतें. सेजोंगच्या हुकुमानें तें जबाबदारीसाठीं येतें. उइग्वेंत तें मजुरी व बक्षिसासाठीं येतें. खेड्यांतल्या बाजारासाठीं भांडीं करणाऱ्या असंख्य कुंभारांचीं नांवें कोठेंच आलेलीं नाहींत, हेंहि मान्य केलें पाहिजे.

तथापि आक्षेपानें मूळ प्रमेय वांचत नाहीं. कारागिराला आपल्या कृतीचें भान नव्हतें, हें तें प्रमेय. आणि ज्याला आपल्या नांवानिशीं कामाचा जाब द्यावा लागतो, त्याला त्या कामाच्या बऱ्यावाईटाचें भान नव्हतें असें म्हणणें धारिष्टाचें होईल. शिवाय स्वतःहून नांव घालण्याचीहि उदाहरणें आहेत. जोसोन दरबारांत 'छेकगादो', म्हणजे पुस्तकांच्या फडताळाचीं पडदाचित्रें, फार आवडत. जोंगजो राजानें आपल्या सिंहासनामागें असा पडदा लावविला होता. दरबारी चिताऱ्यानें अशा चित्रावर सही करावयाची नाहीं, असा शिरस्ता. तेव्हां ली ह्योंग-रोक नांवाच्या चिताऱ्यानें फडताळांत इतर वस्तूंबरोबर एक शिक्का आडवा पडलेला काढला आणि त्या शिक्क्याच्या तोंडावर आपलें नांव रंगविलें. असेच शिक्के ली उंग-रोक आणि ली तेक-ग्युन या नांवांचेहि मिळाले व अभ्यासक पुष्कळ दिवस ते तीन चितारी समजत होते. एडवर्ड वॅग्नर आणि के ब्लॅक या अमेरिकन अभ्यासकांनीं १९९० च्या दशकांत वंशावळी व दरबारी नोंदी ताडून दाखविलें कीं, हीं तिन्ही नांवें एकाच माणसाचीं; त्यानें १८६४ व १८७१ सालीं नांव बदललें होतें. त्यामुळें कोणता पडदा कोणत्या काळचा हेंहि ठरवितां आलें. चित्रें सर्वांनीं पाहिलीं होतीं. कोडें सुटलें तें वंशावळींमुळें.

६. शुभ्रता व शोक

आतां कारुण्याच्या प्रमेयाकडे वळूं. पांढऱ्या भांड्यांचा प्रसार कसा झाला, याचे उल्लेख कोरियन ग्रंथांत आहेत. पंधराव्या शतकांतील सोंग ह्योन हा विद्वान लिहून ठेवतो कीं, सेजोंगच्या दरबारांत राजाच्या उपयोगासाठीं केवळ पांढरींच भांडीं वापरीत. कन्फ्यूशियसच्या अनुयायांना साधेपणा व शुचिता प्रिय होती. भांड्यावर निळी नक्षी काढण्याचा रंग बाहेरून आणावा लागे व तो फार महाग पडे. सतराव्या शतकांत युद्धांनंतर तो दुर्मिळ झाला, तेव्हां लोहयुक्त तपकिरी रंगानें काम भागविलें गेलें. ज्या मोठ्या गोल बरणीला हल्लीं 'चंद्रघट' म्हणतात, ती किंचित् वांकडी दिसते. त्या वांकडेपणांत अनेकांना विरक्ति दिसली. ती बरणी चाकावर एकसंध चढत नाहीं, म्हणून दोन मोठे वाडगे निरनिराळे घडवून तोंडाला तोंड जोडीत. जोडाच्या जागीं भट्टींत माती थोडी बसते. वांकडेपणाचें कारण तेथें आहे. तो सुंदर दिसत नाहीं असें कोण म्हणेल ? परंतु सौंदर्य आपल्या डोळ्यांना दिसलें म्हणून त्याचें कारण राष्ट्राच्या दुःखांत शोधावें, हें प्रमाणाला सोडून आहे. राजवाड्यांच्या तुळयांवरची भडक रंगकामें, शिंपल्यांनीं जडविलेल्या लाखेच्या पेट्या, लहान मुलांचे पट्ट्यापट्ट्यांचे रंगीबेरंगी पोशाख, वाघ व पक्षी यांचीं हसवणारीं लोकचित्रें, हींहि त्याच लोकांचीं.

आणि खऱ्या दुःखाची नोंद हवी असेल, तर तीहि दफ्तरांतच आहे. राजधानीजवळील क्वांगजू येथें बुनवोन ही सरकारी भट्टी होती. सरपणासाठीं ती दर दहा वर्षांच्या सुमारास हलवावी लागे. १७५२ सालीं ती एका जागीं स्थिर झाली. दरबारी चिटणिसांच्या रोजनिशींत १६९७ सालची नोंद आहे कीं, या भट्टीवरील ३९ कुंभार उपासमारीनें मेले. त्या दुष्काळाच्या वर्षांतील पांढरीं भांडीं आज कोणाच्या कपाटांत असतील, तर त्यांच्या रेषेंत राष्ट्राचें चिरंतन कारुण्य पाहण्यापेक्षां, धान्य वेळेवर पोंचलें नाहीं ही हकीकत जाणणें अधिक माणुसकीचें होय. कारुण्याचा सिद्धान्त दुःखाला एक सुंदर रूप देतो, आणि त्याचीं कारणें व तें भोगणारीं माणसें मात्र नजरेआड करतो. १९६० नंतर कोरियन टीकाकारांनीं या सिद्धान्तावर हल्ला चढविला, त्याचें मर्म हेंच आहे : जित राष्ट्राला दुःखी ठरविलें, कीं त्याचें दुःख स्वभावाचें ठरतें, राज्यकर्त्याचें रहात नाहीं. यानागी यांचा हेतु तसा नव्हता. सिद्धान्ताचा परिणाम मात्र तसा होतो.

त्याच मंडळींत दुसरी एक पद्धति चालू होती, हें येथें नमूद केलें पाहिजे. आसाकावा ताकुमि (१८९१–१९३१) हे वनखात्यांतील साधे नोकर. ते कोरियन भाषा शिकले. १९२९ सालीं त्यांनीं कोरियन जेवणाच्या चौरंगांवर ग्रंथ लिहिला, आणि १९३१ सालीं, त्यांच्या निधनानंतर, कोरियन भांड्यांच्या नांवांचा त्यांचा कोश बाहेर पडला. कोणत्या भांड्याला घरांत काय म्हणतात, कशासाठीं वापरतात, कुंभाराच्या अवजारांचीं नांवें काय, हें त्यांनीं विचारून विचारून टिपलें. त्यांचें दफन कोरियाच्याच भूमींत झालें. यानागी यांचा ग्रंथ अधिक गाजला. ताकुमि यांचा ग्रंथ अधिक टिकाऊ आहे, असें आमचें मत आहे.

७. अलीकडील कला

हा वाद जुन्या भांड्यांपुरताच राहिला नाहीं. १९७५ सालीं तोकियोच्या एका खाजगी चित्रशाळेंत पांच कोरियन चित्रकारांचें 'पांच प्रकारचा पांढरा' अशा अर्थाच्या नांवाचें प्रदर्शन झालें. क्वोन योंग-ऊ, पाक सो-बो, सो सुंग-वोन, हो ह्वांग आणि ली दोंग-योप हे ते चित्रकार. पुढें 'दानसेकह्वा', म्हणजे एकरंगी चित्र, या नांवानें जगभर गाजलेल्या पंथाची ही एक आरंभखूण मानली जाते. तोकियोंत या चित्रांकडे पाहतांना पांढऱ्या रंगाची जुनी मीमांसा पुन्हां पुढें आली, आणि कोरियन टीकाकारांनींहि तिला राष्ट्रीय वृत्तीचा अर्थ दिला. परंतु क्वोन योंग-ऊ (१९२६–२०१३) यांनीं कोरियन कागद ओला करून, बोटांनीं फाडून व भोंकें पाडून चित्रें केलीं. पाक सो-बो (१९३१–२०२३) यांनीं ओल्या रंगांत पेन्सिलीनें रेघा ओढल्या. दोघांचा पांढरा सारखा नाहीं, हें प्रदर्शनाचें नांवच सांगत होतें. ज्यांनीं चित्रांवर सह्या केल्या, तारखा घातल्या व लेख लिहिले, त्यांच्याहि कृतींना जातिस्वभावाची एकच पाटी लावतां येते, इतकी या सिद्धान्ताची भुरळ आहे.

दुसरीकडे कोरियन सरकारनें १९६२ च्या कायद्यानें परंपरागत कलांच्या जाणत्या धारकांची नांवनिशीवार नोंद सुरू केली. घोड्याच्या केंसांची व बांबूची 'गात' ही टोपी करणाऱ्यांची कला १९६४ सालीं, व शिंपल्यांच्या जडावाची १९६६ सालीं नोंदली गेली. कारागिराला नांव व मान मिळाला, हें उत्तम झालें. उणीव एवढीच कीं, उइग्वेंत एका कामामागचा सगळा मेळा नांवानें येत असे, आणि नव्या नोंदींत बहुधा एक उस्ताद येतो. जुन्या कारकुनाची व्यवस्था या बाबतींत अधिक न्यायाची होती.

८. उपसंहार

सांगावयाचें तें इतकेंच. कोरियन कारागीर निनांवी नव्हता. त्याची वस्तु त्याच्या कागदापासून दूर नेली गेली, तेव्हां तो निनांवी झाला. प्याल्याला व्यापाऱ्याचें नांव मिळालें तें याच वाटेनें. कागदांचीहि तीच गत झाली. १८६६ सालीं फ्रेंच आरमारानें गांगह्वा बेटावर स्वारी करून तेथील राजग्रंथालयांतून उइग्वे उचलून नेले आणि उरलेला संग्रह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत ते चिनी पुस्तकें म्हणून पडून होते. पाक ब्योंग-सोन या तेथें काम करणाऱ्या कोरियन विदुषीनें १९७५ सालीं ते शोधून काढले. २०११ सालीं २९७ खंड सोलला परत आले; पण ते दर पांच वर्षांनीं नव्या करारानें वाढवून घ्यावयाच्या उसनवारीवर. ज्या ग्रंथांत शिवणकाम करणाऱ्या बाईचेंहि नांव आहे, त्यांच्या मालकीच्या रकान्यांत अद्याप दुसऱ्याचें नांव आहे.

आपल्याकडील संग्राहकाच्या हातीं कोरियन वस्तु क्वचितच येईल. जुनी वस्तु मात्र नित्य येते. भांड्याचें बूड, चित्राची मागची बाजू, पेटीच्या झांकणाआंतला कागद, पोथीचें शेवटचें पान, हीं प्रथम उतरून घ्यावीं, वस्तु कोठून व कोणाकडून आली तें लिहून ठेवावें, आणि जुळणारें दफ्तर कोठें असेल याचा तपास करावा. सौंदर्याचा अभिप्राय त्यानंतर द्यावा, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.